ही कोणाची?

खांबावर चढलेला पोरगा एकेक वायर हातात धरून विचारत होता,
ही कोणाची?
खालून उत्तरं यायची.
केबलवाल्याची. काप.
ती जाड? इंटरनेटची. थांब रे, माझी मीटिंग चाललीय!
आणि ही?
पाटकरांच्या गच्चीवरच्या दिव्याची.
पाटकर चार वर्षांपूर्वी गेले, दिवा त्यांच्याही आधी.
काप.

कांजूर गावातली आमची गल्ली
एवढी अरुंद की दोन छत्र्या समोरासमोर आल्या
तर एकीने वाकडं व्हायचं.
वर एवढं जाळं
की दुपारी जमिनीवर रेघांची वही पडायची.
पोरी त्याच रेघांवर लंगडी घालायच्या,
सूर्य सरकला की डाव मोडायचा.

आता चर खणलेला.
बोरवणकर मॅडम पत्र्यावर नकाशा पसरून सांगत होत्या:
मीटरभर खोल. खाली वाळू, मग केबल, वर परत वाळू,
मग विटा, मग लाल पट्टी,
उद्या कोणी खणलंच तर आधी पट्टी लागावी हाताला.
आजाऱ्याचं अंथरूण घालावं, तसं सांगत होत्या.
फुलाईबाई म्हणाली, म्हणजे आता शॉक पायाखाली?
मॅडम हसल्या नाहीत.
केबलचा एक तुकडा तिच्या हातात दिला, मनगटाएवढा.
बाईने तो दुधीसारखा तोलून पाहिला
आणि परत केला.

चौथ्या खांबावर पोरगा थांबला.
ही कोणाची?
काळी, बारीक,
आमच्या खिडकीच्या गजातून निघून समोरच्या भिंतीत शिरलेली.
तिथे आता भिंत आहे. तेव्हा खिडकी होती.

दमयंतीकाकूंचं मीटर काढून नेलं
तेव्हा सुधन्वाची दहावी तोंडावर.
दादांनी रात्री साडेदहाला स्टूल मागितलं,
मला बॅटरी धरायला लावली,
आणि आमच्या प्लगातली वीज गल्लीपलीकडे दिली.
कायदा त्यांना ठाऊक होता, ते कोर्टातच कारकून.
जोडाला टेप पुरली नाही
म्हणून दुधाच्या पिशवीची पट्टी गुंडाळली.
एक बल्ब. पंखा नाही, असं ठरलं होतं.

मेमध्ये बिल वाढून आलं.
आई काही बोलली नाही. मग बोलली.
मग एका दुपारी काकूंनी
बावन्न रुपये चाळीस पैसे
आमच्या उंबऱ्यावर ठेवले, वर पेपरवेटसारखा एक बल्ब.
दादांनी ते उचलले नाहीत.
संध्याकाळी पैसे नव्हते. बल्ब होता.
त्यानंतर बोलणं बंद, हळदीकुंकूही बंद.
दादांनी प्लग काढला.
वायर नाही काढली. का, ते कोणी विचारलं नाही
आणि आता विचारायला ते नाहीत.
काकू टिटवाळ्याला गेल्या म्हणे.
नव्या मालकाने खिडकी चिणली,
वायरीसकट.

बेवारस आहे का? कापू?
सगळी गल्ली मान वर करून.
आमची, मी म्हणाले.
मग म्हणाले, म्हणजे, त्यांची.
पोराने एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा भिंतीकडे,
आणि दोन्हीकडून कापली.

जोड नेमका माझ्या पायाशी पडला.
पिशवीवरची निळी अक्षरं उडालेली,
गाठ मात्र सुटेना. दातांनीही नाही.
फ्यूजची तार ठेवतो त्या डब्यात टाकला.
भिंतीत अजून वीतभर राहिली असणार,
ती कोणाची, हे आता कोणीच विचारणार नाही.

भाद्रपदात गणपती निघाला.
दरवर्षीसारखा उल्हास पुढे, हातात बांबू,
वायरी उचलून धरायचं त्याचं काम. यंदा उचलायला काही नव्हतं,
तरी बांबू आणलाच.
चौथा खांब होता त्या जागेवर
सवयीने ओरडला, वायर!
आणि आम्ही सगळे,
मूर्ती धरलेले, झांजवाले, गॅलरीतली मीसुद्धा,
खाली वाकलो.